लालबागच्या गाळ्यातली सात गाठोडी

मुंबईहून परत आलेल्या माणसाला आमच्या गावात दोन प्रश्न ठरलेले असतात: ट्रामला घोडे किती आणि गिरणीचं धुराडं खरंच ढगाला लागतं का. मला हे कोणी विचारलं नाही. मी होडीतून खाली उतरायच्या आत बायकांनी विचारलं ते एवढंच, की आमचा माणूस आहे का.

शके अठराशे अठराच्या पौषात मी मुंबईला गेलो आणि नवव्या दिवशी परत आलो. त्याला आता तिसरं वर्ष लागलं. प्रवासवर्णनं मी पुष्कळ वाचली आहेत. लेखक देवळं बघतो, खानावळीला नावं ठेवतो, पाकीट हरवतो आणि सुखरूप घरी येतो. मीही सुखरूप घरी आलो. एक भाऊ आणायला गेलो होतो, त्याला घेऊन आलो. तेवढंच सांगून थांबता आलं असतं तर हा कागद पुढे ओढला नसता.

देवगडच्या दक्षिणेला खाडीकाठी आमचं गाव आहे. तिथल्या शाळेचा मी मास्तर. माझा स्वभाव तापट आहे हे मला कोणी सांगायला नको. मुलं पाठीमागे मला 'फोडणी' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. धाकटा भाऊ भिकू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो लालबागला गिरणीत साच्यावर, कापड विणायला होता. दिवाळीपासून मुंबईत गाठीचा ताप सुरू झाला आणि प्रत्येक आगबोटीतून गावची माणसं परत यायला लागली. भिकू येईना. पत्रालाही उत्तर नाही. बोट यायच्या दिवशी आई सकाळपासून बंदरावर जाऊन बसायची आणि संध्याकाळी एकटीच परत यायची. एका संध्याकाळी घरात पाऊल ठेवताच ती माझ्यावर उखडली.

"गावाचो मास्तर असशीत, माका काय त्येचा? माझ्या भिकूक घेऊन ये. नायतर तूव येव नको."

मी जेवत होतो. हात धुतला आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीची चौकशी करायला निघालो.

आगबोट

मुंबईकडे जाणाऱ्या बोटीत इतकी ऐसपैस जागा मी जन्मात पाहिली नव्हती. एरवी पाय ठेवायला मिळत नाही. त्या दिवशी वरच्या डेकवर मी, एक व्यापारी आणि कोंबड्यांचं एक डालगं. आमच्या शेजारून दुसरी बोट दक्षिणेला गेली, ती माणसांनी इतकी भरलेली की पाण्याला टेकली होती. आमचा एक खलाशी मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही उलटे चाललात."

मी घाबरलो होतो, पण घाबरलेला दिसू नये एवढा शहाणपणा मला होता. गळ्यात कापराची पुरचुंडी, खिशात कडुनिंबाचा पाला, नाकाला उपरणं. त्या रोगाबद्दल एक छोटं पुस्तक मी मागवून वाचलं होतं. ओलसर, घाण जमिनीतून विषारी हवा निघते आणि ती नाकातोंडातून शरीरात जाते, असं त्यात होतं. म्हणून मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलो. व्यापारी एकदा खोकला तर त्याला चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, तंबाखूचा ठसका लागला हो. तरी मी त्याला खाली पाठवलंच.

फणसवाडी

धक्क्यावर उतरलो ते मुंबई ओळखीची वाटेना. मी पूर्वी दोनदा आलो होतो. तेव्हा हमालांच्या आरोळ्यांनी कान किटायचे. आता ट्राममध्ये मी आणि चालवणारा, दोघंच. काळबादेवीच्या रस्त्यावर दुकानांच्या फळ्या लागलेल्या, गटारांत औषधाचं पांढरं पाणी ओतलेलं, आणि कुठूनतरी गंधकाच्या धुराचा वास. कुत्री तेवढी रस्त्याच्या मधोमध झोपली होती. त्यांना उठवायला कोणी नव्हतं.

फणसवाडीत माझा जुना सोबती अण्णा राहत असे. रत्नागिरीला आम्ही एका बाकावर बसलो होतो. पुढे तो एका कचेरीत कारकून झाला. त्याच्याकडे पिशवी ठेवून, अंघोळ करून लालबागला जावं असा माझा विचार. मी खालून हाक मारली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तो आला, तोंडाला फडकं बांधून.

"वर येऊ नकोस, बापू! रागावू नकोस, पण वर येऊ नकोस. घरात लहान मूल आहे."

"अरे, मी गावाहून येतोय. मला काय झालंय?"

"तुला काही झालं नसेल. पण तू धक्क्यावरची हवा कपड्यांत घेऊन आला असशील."

राग तर असा आला! पण मग त्याने दोरीला परडी बांधून खाली सोडली. तीत वाटीभर गरम सांजा, वर लिंबाची फोड. मी अंगणातल्या पायरीवर बसून खाल्ला आणि तो वरून गॅलरीच्या गजांना धरून बोलत राहिला. आमच्याकडे पाहुण्याला उंबऱ्याबाहेर जेवायला वाढलं तर पिढ्यानपिढ्या बोलणं बंद होईल. इथे तोच माणूस मला डोळ्यांत पाणी आणून वाढत होता, आणि त्याने बरोबरच केलं असं मलाही वाटत होतं.

"एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "हा हवेतून येतो. आजाऱ्याच्या वस्तू हाताळाव्या लागल्याच, तर त्या गच्च बांधून टाकायच्या. आतली हवा बाहेर येता कामा नये. कोंडली की ती चार-आठ दिवसांत आपोआप मरते."

माझ्या पुस्तकाशी हे जुळत होतं. मी मान डोलावली. परडीत वाटी धुऊन ठेवली, ती त्याने वर ओढली आणि वाटीवर पुन्हा औषध शिंपडताना मला दिसला.

लालबाग

परळच्या रस्त्याने मी चालत गेलो. घरांच्या दारांवर रंगाने काढलेले गोल होते. घरात एक गेला की एक गोल. काही दारांवर ते इतके दाटीने काढलेले की मी बघायचं सोडून दिलं. काही चाळींची कौलं उतरवली होती, आत ऊन पडावं म्हणून. भर दुपारी रिकाम्या खोल्यांत लख्ख उजेड, भिंतीवर देवाची तसबीर तशीच, आणि खाली माणूस नाही. कोपऱ्यावर एक कोळीण पाटी घेऊन बसली होती. पाटीतले बोंबील सकाळपासून हलले नव्हते. माझ्याकडे बघून तिने ओरडायचे कष्टही घेतले नाहीत.

गाळा शोधता शोधता मी बायजाबाईच्या खानावळीत शिरलो. भिकूने पत्रात तिचं नाव लिहिलेलं होतं. बायजाबाई घाटावरची, साताऱ्याकडची विधवा. गिरणीतल्या एकट्या पुरुषांना दोन वेळ जेवायला घालायची. साठ माणसांची चूल, तीवर त्या दिवशी एकच लहान पातेलं.

"भिकूचा भाऊ व्हय तुमी? बसा. आधी खा, मग जावा. हितनं पुढं अन्न गिळवायचं न्हाई."

ज्वारीची भाकरी आणि लसणाचं तिखट. आम्ही भाताची माणसं. भाकरी चावता चावता माझा जबडा दुखला. मी तिला विचारलं, बाई, सगळे गेले, तुम्ही कशा राहिलात?

"तुमची दोन पोरं येत्यात की अजून. त्यास्नी कोण घालणार?" मग ती परातीत पीठ मळत म्हणाली, "भावाला न्यायचं तर लगीच न्या. गाळ्याच्या खालच्या दाणेवाल्याकडं उंदीर पडाय लागल्यात. उंदीर पडला की घर सोडायचं. आमच्या आळीत सोडली ती जगली, ऱ्हायली ती गेली. म्या डोळ्यानं बघितलंय."

"उंदरांचं काय घेऊन बसलात? हा हवेचा रोग आहे. ती घाण हवा उंदरालाही लागते, म्हणून तो मरतो. शास्त्र वेगळं असतं, बाई."

"असंल बाबा. शास्त्राला उंदीर दिसत नसतील."

शेजारी बसलेला एक हमाल फिसकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले. एवढा शिकलेला मी, आणि एका भाकरीवालीने माझं तोंड बंद केलं याचा मला राग आला होता. त्या रागात तिचं बोलणं मी तिथेच सोडून आलो.

गाळा

मुंबईत आमच्या गावच्या पुरुषांचा एक गाळा असतो. गावोगावचे असे असतात. एक लांबट खोली, तीत वीस-पंचवीस माणसं. प्रत्येकाची चटई टाकायची जागा ठरलेली आणि भिंतीवर प्रत्येकाचा एक खिळा. त्या खिळ्याला त्याचं गाठोडं. जास्तीचं धोतर, घोंगडी, आरसा, घरी न्यायला घेतलेलं काहीबाही, असा त्याचा सगळा संसार त्यात. माणूस मुंबईत मेला तर त्याची राख समुद्रात जाते. घरी जातं ते गाठोडं. गाळ्यातून जो कोणी पुढच्या बोटीने गावी जाईल त्याने ते न्यायचं आणि त्या घरच्या बाईच्या हातात द्यायचं. नाही म्हणायची सोय नाही. आपलंही गाठोडं कधीतरी असंच कोणीतरी नेणार आहे, हे गाळ्यातला प्रत्येकजण जाणून असतो.

मी जिना चढून आत गेलो तेव्हा खोलीत दोनच माणसं होती. एक भिकू. त्याची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण उभा होता, चालत होता. मी त्याला मिठी मारणार होतो, पण नाकाचं उपरणं सावरण्यात ते राहून गेलं. दुसरा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो सोनू, आमच्या शेजारच्या घरचा. बायको सखू आणि चार वर्षांचा बाबलो यांना गावी ठेवून आलेला. त्याच्या जांघेत गाठ आली होती. गाठोडं उशाला घेऊन तो निजला होता.

"चल," मी भिकूला म्हणालो. "उद्याची बोट आहे. आई बंदरावर बसलीय."

"दादा, हेका टाकून मी येवचंय नाय."

"इस्पितळात पोचव त्याला!"

"आमचे सहा जण थय गेले. एकव परत इलो नाय. सोनूक मी शबूद दिलंय." तो भिंतीकडे बोट दाखवत होता. सहा खिळ्यांना सहा गाठोडी लटकत होती, त्यांच्या चटया गुंडाळून खाली ठेवलेल्या. "आणि ती कोण नेतलो? जे पयले पळाले, तेंनी घाबरान हात लावलो नाय. तेंच्या बायको वाट बघतत मरे, दादा."

मी त्याला वाटेल ते बोललो. गाढवा म्हणालो, आईच्या जिवावर उठलास म्हणालो, सोनू तिथे पडून सगळं ऐकतोय हे ठाऊक असून म्हणालो, की मरायला टेकलेल्या माणसापायी तू मरणार काय? हे शब्द मी उच्चारले. ते लिहायलाही लाज वाटते, पण उच्चारले ते उच्चारले.

सोनूने मान वळवली. ताप इतका की ओठ काळे पडलेले, पण शुद्ध होती.

"मास्तरानू, तुमी इलास, बरा झाला. भिकूक घेऊन जावा. फक्त माझा गाठोडा सखूच्या हातात द्या. माझ्या बापाशीक नको, तो इकून दारू पितलो. सखूच्याच." थोडा वेळ दम खाल्ला. "त्यात तिच्यासाठी काकणा आसत. हिरवी."

मी त्याच्या अंथरुणाला हात लावून म्हणालो, देईन. सखूच्याच हातात देईन.

ती बोट आम्ही चुकवली. दोन दिवस भिकू त्याला पाणी पाजत होता आणि मी खिडकीत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कापूर हुंगत बसलो होतो. खालच्या दाणेवाल्याने मेलेले उंदीर झाडून गटाराशी लोटलेले मला तिथून दिसत. तिसऱ्या दिवशी दुपारी सोनू गेला. खांदा द्यायला आणखी दोघं मिळेनात. शेवटी खानावळीतला तो हमाल एका सोबत्याला घेऊन आला. परत आल्यावर भिकूने सोनूच्या उशाचं गाठोडं उचललं, झटकलं आणि सातव्या खिळ्याला अडकवलं. मग मात्र तो रडला. आईविना पोर रडावं तसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट होती. भिकू म्हणाला, "दादा, एक दिस रवूया. ही गाठोडी सोडून, कापडा उनात पसरूया. आये वर्सान् वर्सा गोधडेक ऊन दाखवता, तसा."

"ऊन दाखवतोय! ही बोट गेली की पुढची चार दिवसांनी. आणि सोडायची तर अजिबात नाहीत. आतली हवा बाहेर आली की आपण दोघं मेलो." मग अण्णाचं बोलणं आठवून मी फर्मावलं, "उलट ती पोत्यांत घालून तोंडं शिवून टाकायची. हवेला फट ठेवायची नाही."

खाली दाणेवाला दुकान बंद करून गेला होता. त्याची रिकामी पोती जिन्याखाली पडलेली. ती मी स्वतः उचलून आणली. दाभण आणि सुतळी घेऊन सात पोती शिवली. टाके इतके बारीक घातले की भिकू म्हणाला, शिंप्याला जमायचं नाही असं. मला बरं वाटलं. भिकूचं स्वतःचं गाठोडं तेवढं खिळ्यालाच राहिलं. सात ओझी दोघांनी न्यायची, त्यात आठवं कुठे घ्यायचं? ते बायजाबाईला दे म्हणालो. तिने चार भाकऱ्या बांधून दिल्या आणि भिकूच्या तोंडावरून हात फिरवला. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही.

धक्का

निघणाऱ्या माणसांना धक्क्यावर ओळीत उभं करून काखा आणि जांघा तपासत होते. बायकांसाठी कनात होती. माझ्या पुढच्या एका म्हाताऱ्याला बाजूला काढलं, तेव्हा त्याच्या सुनेने फोडलेला हंबरडा अजून कानात आहे. भिकूची पाळी आली. डॉक्टरने काखेत हात घातला, जरा थांबला, पुन्हा चाचपला. तेवढ्या वेळात मला आईचा चेहरा दिसला, बंदरावरची ती बसायची जागा दिसली. "जाव," डॉक्टर म्हणाला.

पुढे एक मोठी काहील होती, औषधाच्या पाण्याने भरलेली. अंथरूण-पांघरूण त्यात बुडवून मगच बोटीवर न्यायचं. शिपायाने आमच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. भिकू लगेच पुढे सरसावला, म्हणाला, बुडवूया. मी त्याला मागे ओढलं. टाके उसवावे लागणार, हवा सुटणार, कपडे बोटीत कुजणार, आणि मेलेल्यांच्या वस्तू अशा चिखलासारख्या करून त्यांच्या बायकांच्या हातात द्यायच्या? टेबलाशी एक गोरा साहेब बसला होता. मी पागोटं नीट केलं, त्याच्यासमोर गेलो आणि माझ्या चांगल्यातल्या चांगल्या इंग्रजीत सांगितलं, की मी सरकारी शाळेचा हेडमास्तर आहे, ही नवी, स्वच्छ कापडं आहेत, शिवूनच आणलेली आहेत. साहेबाने टाके पाहिले. माझ्याकडे पाहिलं. हात हलवून जा म्हणाला.

सात पोती कोरडी बोटीवर चढली. त्या दिवशी माझ्यासारखा खूश माणूस अख्ख्या धक्क्यावर नसेल. भिकूला मी म्हणालोसुद्धा, "बघितलंस? शिक्षण कशाला म्हणतात ते!" त्याने भाकरी सोडून माझ्यापुढे ठेवली.

गाव

होडी बंदराला लागली. आईने भिकूला पाहिलं आणि पाण्यात शिरली, गुडघाभर, लुगड्यासकट. "इलो गो माझो बाबा!" एवढंच पुन्हा पुन्हा. मला काही म्हणाली नाही. पण घरी गेल्यावर माझ्या पानात पहिला भात वाढला, भिकूच्या आधी. आमच्या आईकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात घरच्या बायकांना मी शाळेच्या अंगणात बोलावलं. मुलांना लांब उभं केलं. एकेक पोतं उसवलं, गाठोड्याची गाठ सोडली आणि ओरडलो, "कोणी जवळ येऊ नका! आतली हवा जाऊ दे!" खिशातलं घड्याळ काढून पाव तास मोजला. बायका पदर तोंडात धरून उभ्या होत्या. वेळ भरल्यावर मी घड्याळ मिटलं, म्हणालो, "आता घ्या." त्या धावल्या. धोतरांत, घोंगड्यांत तोंडं खुपसून रडल्या. सखूला मी सोनूचं गाठोडं माझ्या हाताने दिलं. तिने काकणं पाहिली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी म्हणालो, ऊठ, बाय. त्याला शब्द दिला होता.

बारा-तेरा दिवस गेले. सखूच्या घरात छपरातून एक उंदीर चुलीपुढे पडला. शेपटी ओढत गरगर फिरला आणि मेला. मग उत्तरेच्या घरात, मग त्याच्या पलीकडच्या. सातांपैकी पाच घरं. मला बायजाबाई आठवली. मी गावभर ओरडत फिरलो: घरं सोडा, वस्तू टाका, रानात झोपड्या बांधा. माझा आरडाओरडा गावाच्या सवयीचा, म्हणून पहिल्या दिवशी कोणी हललंच नाही. हलले तोवर बाबल्याच्या अंगात ताप भरला होता. त्याच्या काखेत गाठ आली. दोन दिवस. पोर सारखं पाणी मागत होतं, आणि पाणी दिलं की घोंगडीत तोंड लपवत होतं. माझ्या शाळेत त्या वर्षी तो बिगारीत बसायचा होता. मीच त्याला पाटी दिली होती. बाबल्यामागून त्या पाच घरांतली आणखी माणसं गेली. किती, ते मी लिहीत नाही. पटावरच्या नावांपुढे रेघ ओढायची मला हिंमत झाली नाही. पट तसाच ठेवून नवा पट आणला.

आमच्या घरात काही झालं नाही. आई धड, भिकू धड, मी धड.

पुढल्या वर्षी तालुक्याला एक तरुण डॉक्टर आला. लस टोचायला गावोगाव फिरायचा. शाळेत मुक्कामाला होता. बोलता बोलता मी त्याला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच, की मी हवेचा बंदोबस्त कसा केला; तरी गावात उंदीर कसे पडले तेवढं मला कळेना. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, हल्ली काहीजण म्हणतात की हवा नव्हे, उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला की ती थंड अंग सोडते आणि कापडात, पोत्यात शिरते. भूक लागली की मिळेल त्याला चावते. मोठे डॉक्टर हसतात या कल्पनेला."

"आणि कपडे उन्हात टाकले तर?"

"कडक उन्हात? पिसू टिकत नाही बहुतेक."

"औषधाच्या पाण्यात बुडवले तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चहा निवतोय म्हणाला.

मोठे डॉक्टर हसतात. मीही हसू शकतो. पण दाणेवाल्याच्या जिन्याखालून पोती मी उचलली, टाके मी घातले, ऊन मी नाकारलं, काहिलीपासून माझ्या इंग्रजीने वाचवलं. भिकू दोनदा बरोबर होता आणि दोन्ही वेळा मी त्याला गप्प केलं. त्याला मी हे सांगितलेलं नाही. तो आता खाडीत होडी वल्हवतो, मुंबईचं नाव काढत नाही. आईला तर काय सांगू? तिचा झील, तिचा भिकू, घरात आहे.

सखू आमच्या शेजारी एकटीच राहते. सासरा त्याच पौषात गेला. गेली दोन वर्षं नवं भात निघालं की पहिले पोहे ती कांडते आणि पळसाच्या पानात, वर ओलं खोबरं घालून, माझ्याकडे आणते. देवाच्या आधी. यंदा आली तेव्हा मी पडवीत एकटा होतो. सांगून टाकावं असं मनात आलं होतं. तोंडही उघडलं.

"सखू, ती घोंगडी..."

"व्हय, मास्तरानू." तिने पदराने डोळे पुसले आणि हसली. "तुमी नसतास तर माका त्येचा काय गावला असता? आणि बाबलो... शेवटचे चार राती त्या घोंगडेत शिरान निजलो. माका म्हणा, आये, बाबांचो वास येता. पोराक बापूस गावलो मरायच्या आधी. तुमी आणलास म्हणान गावलो."

पान तिने माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडे नव्याचे पोहे दिले की समोरच्याने घास खाईपर्यंत देणारी बाई उठत नाही. सखू पडवीच्या खांबाला टेकून माझ्या हाताकडे बघत बसली.

"खावा ना, मास्तरानू. निवतत."

मी खाल्ले.